लघु गॅमा-किरण स्फोटांचे निरीक्षण

लघु गॅमा-किरण स्फोट म्हणजे दूरच्या दीर्घिकेतून येणारा व साधारणपणे दोन सेकंदांपेक्षा कमी काळ टिकणारा गॅमा किरणांचा झोत होय. असे बहुतेक स्फोट दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन होताना घडतात, असे मानले जाते. पृथ्वीचे वातावरण गॅमा किरण शोषून घेत असल्याने त्यांची थेट नोंद अवकाशातील दुर्बिणींनीच घ्यावी लागते. भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरील सीझेडटीआय हे उपकरण अशा स्फोटांची नोंद घेण्यासाठी वापरले गेले आहे.

उपकरण

ॲस्ट्रोसॅटचे प्रक्षेपण २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून झाले. सीझेडटीआयच्या उभारणीत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयुका यांचा महत्त्वाचा सहभाग होता. त्यात कॅडमियम झिंक टेल्युराइड या अर्धवाहकाचे ६४ शोधक चार समान भागांत बसवले असून प्रत्येक शोधकात २५६ पिक्सेल आहेत. सुमारे १०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा अधिक ऊर्जेचे किरण उपकरणाच्या बाजूच्या भिंतीही भेदतात. त्यामुळे दुर्बीण रोखलेली नसलेल्या दिशेचे स्फोटही नोंदले जातात. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, कार्यारंभाच्याच दिवशी, या उपकरणाने जीआरबी १५१००६ए हा दीर्घ स्फोट टिपला. अशा नावातील अंक वर्ष, महिना व दिवस दर्शवतात.

नोंद व विश्लेषण

शोधकावर किरणांच्या नोंदी सतत होत असतात. ही पार्श्वभूमी ओलांडणारी वाढ चारही भागांत एकाच वेळी दिसली, तर ती खऱ्या स्फोटाची असण्याची शक्यता वाढते. एकाच भागातील वाढ बहुधा विद्युत्कणांची वा उपकरणातील गोंगाटाची असते. लघु स्फोटात किरण थोडे असल्याने नोंदी सेकंदाच्या अंशांत विभागून तपासाव्या लागतात. एकूण नोंदींपैकी ५ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंतच्या नोंदी होण्यास लागलेला वेळ हा स्फोटाचा कालावधी मानतात. मात्र केवळ कालावधीवरून उगम निश्चित होत नाही. जीआरबी २११२११ए हा स्फोट दोन सेकंदांहून बराच अधिक काळ टिकला, तरी त्यानंतर ताऱ्यांच्या विलीनीकरणातून निर्माण होणाऱ्या किलोनोव्हाच्या खुणा आढळल्या.

१७ ऑगस्ट २०१७ची घटना

या दिवशी लायगो व व्हर्गो वेधशाळांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाच्या गुरुत्वीय लहरी टिपल्या. त्यानंतर १.७ सेकंदांनी फर्मी दुर्बिणीने जीआरबी १७०८१७ए या लघु स्फोटाची नोंद केली. हा स्रोत सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत होता. ॲस्ट्रोसॅटसाठी तो पृथ्वीआड असल्याने सीझेडटीआयला स्फोट दिसला नाही. परंतु या न दिसण्यामुळेही स्रोताचे संभाव्य क्षेत्र मर्यादित करण्यास मदत झाली.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाडहून माळशेज घाट ओलांडल्यावर लागणाऱ्या जुन्नर तालुक्यात, खोडद येथे जीएमआरटी ही ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. या स्फोटानंतर उरलेल्या प्रभेचा रेडिओ लहरींतील अभ्यास तिनेही केला. काही क्षणांत संपणाऱ्या स्फोटाचे स्वरूप आणि सोन्यासारख्या जड मूलद्रव्यांची उत्पत्ती समजण्यासाठी अवकाशातील व जमिनीवरील दुर्बिणींची अशी सांगड आवश्यक ठरते.