जादा तेलाने बिघडलेले मशीन

चावीच्या घड्याळाला लागणारे तेल इतके थोडे असते की ते उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसते. तरीही दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या एचएमटी घड्याळांची मागची झाकणी उघडल्यावर अनेकदा अख्खे मशीन तेलाने चकाकताना आढळते. मशीन न खोलताच सुईने वरून तेल सोडलेले असते. घड्याळ काही दिवस चालते आणि पुन्हा अडते.

जादा तेलाचा शेवट कोरडेपणात होतो, हे या बिघाडाचे मर्म आहे. माणकाच्या खड्याला भोकाभोवती वाटीसारखा खोलगटपणा असतो. तेथे बेताचा थेंब पृष्ठताणामुळे चाकाच्या टोकाला धरून राहतो. थेंब मोठा झाला की तो वाटीबाहेर जाऊन पितळी प्लेटला टेकतो, आणि प्लेट तेल ओढून घेते. खडा कोरडा पडतो. इकडे पसरलेल्या तेलात धूळ बसून काळा चिकटा होतो आणि चाकाची टोके झिजवतो. तेच तेल बॅलन्स चाकाच्या हेअरस्प्रिंगवर पोचले, तर वेटोळी एकमेकांना चिकटतात. स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि घड्याळ पुढे पळू लागते. चुंबकत्व शिरल्यानेही असेच होते. म्हणून ते आधी तपासावे. नुसता वेग जुळवण्याचा काटा मागे सरकवून हा दोष जात नाही.

जादा तेलावर उपाय एकच: मशीन पूर्ण खोलून धुणे. आधी मेनस्प्रिंगचा ताण किल्ली बोटांत धरून हळूहळू सोडतात, मग बॅलन्स उचलतात. सुटे भाग बेंझिनमध्ये धुऊन, खड्यांची भोके टोकदार लाकडी काडीने फिरवून साफ करतात. काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत टोक पुन्हा पुन्हा तासावे लागते. पॅलेट फोर्क मात्र स्पिरिटमध्ये ठेवू नये. त्याचे खडे लाखेने बसवलेले असतात आणि स्पिरिटात लाख विरघळते.

आधीच्या कारागिराची करणी धुतल्यावरच उघडी पडते. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतात, हेअरस्प्रिंग वाकलेली असते. ब्रिजच्या खालच्या बाजूला पंचाने ठोकून उठवलेले खळगे हा सर्वांत वाईट प्रकार. चाकांची ढिलाई कमी-जास्त करण्याची ती आडवाट असते, आणि एकदा ठोकलेला धातू पहिल्यासारखा होत नाही.

नवे तेल जागा पाहून देतात. बॅलन्सला पातळ, मेनस्प्रिंगकडच्या जड चाकांना घट्ट, चावीच्या यंत्रणेला ग्रीस. खड्याची वाटी काठोकाठ भरत नाहीत. चाकांच्या दात्यांना आणि पॅलेट फोर्कच्या अक्षाच्या टोकांना तेल लावतच नाहीत. फोर्कच्या खड्यांच्या टोकांना तेवढे लागते. पूर्ण चावी देऊन, घड्याळ आडवे ठेवून टाइमिंग मशीनवर तपासले असता बॅलन्सचा झोका २७० अंशांच्या आसपास आला, तर काम नीट झाले असे समजावे.

एचएमटीची घड्याळे १९६१ पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूला बनू लागली. घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. आता सुटे भाग जुन्या साठ्यातून किंवा दुसऱ्या घड्याळातूनच काढावे लागतात. म्हणून ‘जरा ऑइलिंग करून द्या’ असे सांगून घड्याळ देऊ नये; मशीन पूर्ण खोलून धुणार का, हे आधी विचारावे.