भाड्याचा संगणक किती मोठा घ्यावा?

मुलांसाठी सराव चाचण्या संगणकावर ठेवायच्या, मुलांनी त्या संध्याकाळी घरून सोडवायच्या आणि शिक्षकांना तपासलेले गुण आयते मिळायचे, असा बेत आता पुष्कळ शाळा करतात. त्यासाठी लागणारी आज्ञावली फुकटही मिळते. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डूगियामास यांनी २००२ साली खुली करून दिलेली ‘मूडल’ ही त्यांपैकी एक. पण आज्ञावली फुकट असली तरी ती चालवायला रात्रंदिवस सुरू राहणारा आणि इंटरनेटला जोडलेला संगणक लागतो. तो सहसा महिन्याच्या भाड्याने घेतात. भाड्याच्या पत्रकावर एका ओळीत लिहिलेले असते: कोअर १, मेमरी २ जीबी, डिस्क ५० जीबी. खालच्या ओळीत सगळे आकडे दुप्पट आणि भाडेही साधारण दुप्पट.

यातली कोणती ओळ निवडायची? बहुतेक ठिकाणी खिशाकडे पाहून किंवा विकणाऱ्याला विचारून ठरवले जाते. संगणक कमी पडला तर तो नेमका चाचणीच्या संध्याकाळी पडतो, एरवी नाही. आणि गरजेपेक्षा मोठा घेतला तर प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्यांना जाऊ शकणारे पैसे दरमहा उगाच जात राहतात. थोडे गणित केले तर हा निर्णय बराच डोळसपणे घेता येतो. हे गणित नववी-दहावीच्या मुलांना जमेल इतके सोपे आहे.

एका यंत्रात अनेक यंत्रे

आपण जो संगणक भाड्याने घेतो तो खरे तर एक अख्खा संगणक नसतो. एका मोठ्या यंत्रावर असे अनेक आभासी संगणक नांदत असतात. एकाच इमारतीत सकाळी एक शाळा आणि दुपारी दुसरी शाळा भरते, तसेच हे. वर्गखोल्या दोघांच्या त्याच, फक्त वेळ वेगळी. कपाटे मात्र वाटून घेतलेली असतात. सकाळच्या शाळेचे नकाशे दुपारी कपाटातून नाहीसे होत नाहीत. संगणकात प्रोसेसर हा वर्गखोलीसारखा वेळेने वाटला जातो, तर मेमरी आणि डिस्क कपाटांसारख्या जागेने. हा फरक लक्षात ठेवू, पुढे तो फार उपयोगी पडणार आहे.

ही युक्ती जुनी आहे. आयबीएम कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात ‘सीपी-४०’ नावाची प्रणाली १९६७ च्या सुरुवातीस कामाला लागली. तिच्यात एका यंत्राचे अनेक आभासी संगणक होत, आणि प्रत्येक वापरणाऱ्याला सबंध यंत्र आपलेच आहे असे वाटे. १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी असे विभाजन कोणत्या यंत्रावर नीट जमेल याची अट मांडली. पुन्हा शाळेकडे वळू. दोन्ही मुख्याध्यापकांना इमारत आपलीच वाटते. दोघांच्या टेबलावर घंटेचे बटण आहे. ते दाबले की खरी घंटा वाजत नाही, इमारतीच्या शिपायाला सूचना जाते. तो परिस्थिती पाहून त्या शाळेपुरतीच घंटा वाजवतो. अट इतकीच, की इमारतीवर परिणाम करणारी प्रत्येक आज्ञा शिपायाच्या हातून गेली पाहिजे.

आपल्या घरोघरी आलेल्या एक्स ८६ कुळातील प्रोसेसरांमध्ये मुळात ही अट पाळली जात नव्हती. त्यांच्या काही आज्ञा अशा होत्या, की बटण दाबावे तर घंटाही वाजू नये आणि शिपायालाही काही कळू नये. मुख्याध्यापक मात्र घंटा झाली असे समजून पुढे चालू! १९९९ साली व्हीएमवेअर कंपनीने अशा आज्ञा वाटेतच हेरून बदलून टाकण्याची पद्धत बाजारात आणली. २००५-०६ पासून इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच तशी सोय केली, आणि २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात ‘केव्हीएम’ दाखल झाले. स्वस्त आभासी सर्व्हर आज मिळतात ते या सगळ्यामुळे.

रांगेचे गणित

आता निवडीकडे येऊ. समजा, एका संध्याकाळी १५० मुले चाचणी सोडवत आहेत. प्रत्येक मूल एक प्रश्न वाचून, विचार करून, साधारण ३० सेकंदांनी पुढचे पान मागते. म्हणजे सर्व्हरकडे दर सेकंदाला ५ मागण्या येतात. एक पान तयार करायला प्रोसेसरला ०.१ सेकंद लागतो असे धरू. तर एका सेकंदात प्रोसेसर अर्धा सेकंद कामात आणि अर्धा सेकंद रिकामा असेल. एका कोअरची क्षमता दर सेकंदाला १० पाने. मग २९० मुलांपर्यंत काळजी नको, असे वाटते ना?

इथेच फसगत होते. मागण्या घड्याळाच्या ठोक्यावर येत नाहीत. एसटीच्या तिकीट खिडकीवर कधी कोणीच नसते, तर कधी पाच जण एकदम येतात. रिकामा गेलेला क्षण साठवून ठेवता येत नाही, म्हणून रांग लागते. याचे गणित प्रथम डेन्मार्कचे आग्नर एरलांग यांनी टेलिफोनच्या तारा किती लागतील हे ठरवण्यासाठी मांडले. त्यांचा पहिला लेख १९०९ चा. येण्याच्या वेळा आणि कामाचे वेळ दोन्ही यदृच्छ असतील, तर एका खिडकीसाठी उत्तर फार सुटसुटीत आहे: कामाच्या वेळेला रिकाम्या वेळेच्या प्रमाणाने भागा. प्रोसेसर निम्मा रिकामा असेल तर ०.१ भागिले ०.५, म्हणजे पान ०.२ सेकंदात मिळेल. मुले २४० झाली तर प्रोसेसर फक्त एक-पंचमांश रिकामा, म्हणून ०.५ सेकंद. २७० मुलांना १ सेकंद, आणि २८५ मुलांना २ सेकंद. पहिली १२० मुले वाढली तेव्हा वेळ ०.२ वरून १ वर गेला. नंतरच्या अवघ्या १५ मुलांनी तो दुप्पट केला. या आकड्यांचा आलेख फळ्यावर काढून पाहा. बराच वेळ आडवा जाऊन शेवटी भिंतीसारखा उभा चढणारा आलेख दिसेल.

प्रत्यक्षात वाट पाहणारे मूल नवीन मागणी करत नाही, म्हणून रांग अनंत होत नाही. पण सगळीच मुले इतकी गुणी नसतात. पान येईना म्हणून तेच बटण चार वेळा दाबणारे निघतातच, आणि प्रत्येक दाब ही सर्व्हरच्या दृष्टीने नवी मागणी असते.

आता भाडे वाढवून दोन कोअर घेतले तर? दोन खिडक्या आणि रांग एकच, असे झाले. २८५ मुलांचा तोच भार घातला तर सूत्राप्रमाणे पान सुमारे ०.१३ सेकंदात मिळते. क्षमता दुप्पट केली आणि वेळ दोनाचा एक न होता एकदम पंधरा पटींनी उतरला. उलट, १५० मुलांनाच हा सर्व्हर वापरायचा असेल तर दुसऱ्या कोअरने ०.२ सेकंदाचे ०.११ सेकंद होतील. हा फरक कोणाच्याही ध्यानात येणार नाही, पैसे मात्र जातील.

हे वर्गात फाशांनी करून पाहता येते. एक फासा ‘येण्याचा’, एक ‘जाण्याचा’. प्रत्येक फेरीत दोन्ही टाकायचे. जाण्याच्या फाशावर १ ते ४ पडले तर रांगेतला पहिला मुलगा जागेवर जाईल. येण्याच्या फाशावर आधी फक्त १-२ पडल्यास एक मुलगा रांगेत येईल असे ठरवून पन्नास फेऱ्या करा, मग १ ते ३ वर, मग १ ते ४ वर. दर फेरीला रांगेची लांबी लिहून ठेवा. तिसऱ्या खेळात येणे आणि जाणे सरासरीने सारखेच आहे, तरीही रांग कशी वाहवत जाते ते मुलांना स्वतःलाच दिसेल.

एक इशारा द्यायला हवा. दिवसभराची सरासरी इथे कुचकामी आहे. दिवसाला एक लाख पाने म्हणजे सेकंदाला जेमतेम १.२ पान. पण त्यातली निम्मी पाने रात्री आठ ते दहा या दोन तासांत मागितली गेली, तर त्या वेळी सेकंदाला सुमारे ७ पाने होतात. आणि ‘चाचणी ठीक सात वाजता सुरू’ असे जाहीर केले, तर २०० मुले दहा-वीस सेकंदांत एकदम बटण दाबतील. तिथे वरचे सूत्रही लागू होत नाही. त्यासाठी मोठा सर्व्हर घेण्यापेक्षा तुकड्यांना पाच-पाच मिनिटांच्या अंतराने बसवावे. फुकटचा उपाय आहे.

मेमरी: इथे काटकसर नको

आमच्या मते पत्रकातला सर्वांत महत्त्वाचा आकडा मेमरीचा. प्रोसेसर कमी पडला तर काम हळू होते. मेमरी कमी पडली तर ते कोलमडते. का, ते पाहू.

मेमरीतून माहिती उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. चांगल्या एसएसडी डिस्कला सुमारे १०० मायक्रोसेकंद, आणि फिरत्या तबकडीच्या डिस्कला सुमारे १० मिलिसेकंद. हे आकडे मनाला पोचत नाहीत. म्हणून मेमरीची वेळ एक सेकंद मानू, टेबलावरचा खडू उचलावा तशी. त्या मापाने एसएसडीतून आणणे म्हणजे सुमारे १७ मिनिटे, आणि तबकडीतून आणणे म्हणजे जवळपास २८ तास. शंभरपैकी नव्व्याण्णव वेळा खडू टेबलावरच सापडला आणि एकदाच एसएसडीपर्यंत जावे लागले, तरी सरासरी वेळ एका सेकंदावरून सुमारे ११ सेकंदांवर जाते. एक टक्क्याची ही किंमत.

मेमरी अपुरी पडली की संगणक तिच्यातला काही भाग डिस्कवर ठेवतो, लागेल तसा परत आणतो. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये दाखवले, की प्रत्येक आज्ञावलीला त्या त्या वेळी काही ठराविक माहिती पुन्हा पुन्हा लागते. हा कामापुरता संच मेमरीत मावला तर सारे सुरळीत. तो मावला नाही तर संगणकाचा सारा वेळ ने-आण करण्यातच जातो.

आता हे रांगेशी जोडून पाहू. १९६१ साली जॉन लिटल यांनी एक सुंदर नियम सिद्ध केला: आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा मुक्काम. सेकंदाला ५ मागण्या आणि मुक्काम ०.२ सेकंद, तर एका वेळी आत सरासरी एकच मागणी. १५० मुले बसली असताना सर्व्हरमध्ये एक! सेकंदाला ९.५ मागण्या आणि मुक्काम २ सेकंद झाला तर आत १९ मागण्या. आत असलेली प्रत्येक मागणी मेमरी अडवते. समजा, एकीला ६० एमबी लागते, तर १९ मागण्यांना १,१४० एमबी. मेमरी संपली की डिस्ककडे धाव, त्यामुळे मुक्काम लांबतो, त्यामुळे आत आणखी गर्दी, म्हणून आणखी मेमरी. हे दुष्टचक्र एकदा फिरू लागले की मिनिटाभरात सर्व्हर निपचित पडतो. लिनक्स अशा वेळी शेवटचा उपाय म्हणून एखादे काम मारून टाकते, आणि ते बहुधा सर्वांत जास्त मेमरी खाणारे, म्हणजे नेमका आपला डेटाबेस असतो.

यावर उपाय आहे, आणि तो पैशाचा नाही. आत एका वेळी किती मागण्या घ्यायच्या याला मर्यादा घालता येते. २ जीबी मेमरीपैकी ५०० एमबी संगणकाच्या स्वतःच्या कामाला, ८०० एमबी डेटाबेसला, उरलेल्या सुमारे ७०० एमबीत ६० एमबीची ११ माणसे मावतात. मर्यादा दहा ठेवावी. अकरावी मागणी दाराबाहेर थांबेल, आणि बाहेर थांबायला मेमरी जवळपास लागत नाही.

डिस्क आणि अंतर

डिस्कबद्दल लोक उगाच घाबरतात. देवनागरीचे एक चिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत ३ बाइट घेते. ५०० चिन्हांचा एक प्रश्न म्हणजे दीड केबी. एक लाख प्रश्न म्हणजे १५० एमबी. मोबाइलने काढलेले ३ एमबीचे पन्नास फोटो तितकीच जागा खातात. तेव्हा आकृत्या लहान करून चढवाव्यात, की डिस्क आणि वाहतूक दोन्हींचा प्रश्न बव्हंशी मिटतो. जागेपेक्षा डिस्क एसएसडी आहे ना, एवढे पाहावे.

सर्व्हर कोणत्या देशात आहे हेही विचारावे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून जर्मनीतील फ्रँकफुर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन ६५ मिलिसेकंद, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. एका पानासाठी अशा अनेक खेपा होतात. मुंबईतल्या सर्व्हरला महाराष्ट्रातल्या शाळेसाठी हा वेळ जवळजवळ लागतच नाही. कितीही कोअर घेतले तरी प्रकाश वेगाने धावणार नाही.

घेतल्यावर काय पाहावे

आमचा सल्ला: लहान घ्यावा, पण वाढवता येण्यासारखा घ्यावा. मेमरी आणि कोअर बहुतेक ठिकाणी थोड्या वेळात वाढवून मिळतात आणि पुढे कमीही करता येतात. डिस्क मात्र वाढवणे सोपे, कमी करणे सहसा कठीण. म्हणून ती आधीच मोठी घेऊ नये. मग एक-दोन सराव चाचण्या घेऊन मोजावे. लिनक्समध्ये ‘टॉप’ ही आज्ञा दिली की आकडे दिसतात. त्यात ‘मोकळी’ मेमरी कमी दिसली म्हणून दचकू नये. लिनक्स पडून राहिलेली मेमरी डिस्कवरील माहितीच्या प्रती ठेवायला वापरते आणि गरज पडताच सोडून देते. ‘उपलब्ध’ मेमरी किती हे पाहावे, आणि डिस्ककडे ने-आण चालली आहे का ते पाहावे.

‘टॉप’मधल्या प्रोसेसरच्या ओळीत ‘एसटी’ असा एक आकडा असतो. ही आपली लाल एसटी नव्हे. ‘स्टील’ म्हणजे चोरी या शब्दाचे ते लघुरूप आहे. आपल्याला प्रोसेसर हवा होता, पण तो त्या क्षणी शेजारच्या आभासी संगणकाला दिलेला होता, असा वेळ तिथे टक्क्यांत दिसतो. वेळेने वाटलेली वस्तू गिऱ्हाइकांना बेरजेपेक्षा जास्त विकता येते, आणि काही विक्रेते ती तशी विकतात. संध्याकाळी हा आकडा शून्याजवळ असेल तर ठीक. रोज संध्याकाळी तो दहाच्या वर जात असेल, तर आपण आणखी मोठा सर्व्हर घेण्यात अर्थ नाही. विक्रेत्याला आकडे दाखवून दुसऱ्या यंत्रावर हलवून मागावे, आणि तो ऐकत नसेल तर महिनाअखेरीस विक्रेता बदलावा.