एका रुग्णाला हो म्हटले की दुसऱ्या कुणाला नाही म्हटले जाते?

माणसाच्या जिवाची किंमत करता येत नाही, असे आपण सगळेच म्हणतो. भावना खरी आहे. पण सरकारी तिजोरीतला पैसा मोजका असतो आणि रुग्णांची रांग संपत नाही. मग महागडे औषध कुणाला द्यायचे, कुणाला नाही? आपल्या मोहल्ल्यात जकातीच्या पैशातून उपचारांना मदत करणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो. एकाची हृदयशस्त्रक्रिया करायची, की तेवढ्याच पैशात अनेकांचे डायलिसिस? याच प्रश्नाचा अभ्यास म्हणजे आरोग्य अर्थशास्त्र.

या विषयात इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाचे नाव मोठे आहे. तिथले प्राध्यापक ॲलन विल्यम्स यांनी 1985 मध्ये बायपास शस्त्रक्रियेचा हिशेब मांडला. रुग्ण किती वर्षे जास्त जगला एवढेच पाहून ते थांबले नाहीत. ती वर्षे कशी गेली, हेही त्यांनी धरले. या मापाला 'क्वाली' म्हणतात. ठणठणीत तब्येतीतले एक वर्ष म्हणजे एक क्वाली. उपचारामुळे चार वर्षे जास्त मिळाली, पण तब्येत निम्मीच राहिली, तर झाले दोन. विल्यम्स यांना दिसले ते असे: आजार गंभीर असेल तर बायपासचा खर्च सार्थकी लागतो, सौम्य असेल तर त्याच पैशातून फायदा बराच कमी होतो.

ब्रिटनमध्ये 1999 साली 'नाइस' ही संस्था स्थापन झाली. सरकारी आरोग्यसेवेने कोणते उपचार द्यावेत, याची शिफारस ती करते. एका क्वालीला 20 ते 30 हजार पौंड, ही तिची मर्यादा अनेक वर्षे चालली. पण हा आकडा आला कुठून? यॉर्कच्याच कार्ल क्लॅक्सटन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश आरोग्यसेवेचा प्रत्यक्ष खर्च तपासला. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अंदाज होता 12,936 पौंड. म्हणजे एवढा पैसा दुसरीकडे वळवला की कुठेतरी एक क्वाली गमावली जाते. नवे औषध 30 हजाराला एक क्वाली देत असेल, तर बाकीच्या रुग्णांच्या वाट्यातून दोनपेक्षा जास्त जातात!

औषध मिळालेल्या रुग्णाचा फोटो पेपरात येतो. ज्याची तपासणी लांबली, ज्याच्या वॉर्डात नर्स कमी पडली, त्याला आपले काय गेले हे कळतही नाही. आमच्या मते या संशोधनाचे मोल इथेच आहे.

आक्षेपही आहेत, आणि ते हलके नाहीत. अपंग व्यक्तीचे वर्ष हिशेबात कमी का भरावे? मरणाच्या दारातल्या माणसाला हे गणित कसे सांगायचे? नाइसने 2009 मध्ये शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या औषधांसाठी नियम सैल केले, ते अशाच दबावातून.

भारतातही केंद्र सरकारने 2017 मध्ये अशा मूल्यमापनाची यंत्रणा उभी केली. चंदीगडच्या पीजीआय संस्थेतल्या अभ्यासकांनी देशातल्या रुग्णालयांत एकेका उपचाराला खरोखर किती खर्च येतो, हे मोजले. आयुष्मान भारत योजनेतले दर सुधारताना हे आकडे वापरले गेले. कागदावरचा दर खऱ्या खर्चापेक्षा फारच कमी असला, तर कार्ड हातात असूनही खासगी दवाखाना 'बेड नाही' म्हणू शकतो.