आधी खोली मोजा, मग प्रोजेक्टर घ्या

गेल्या वर्षी आमच्या पुतण्याचा निकाह दोहाला झाला. थोरले भाऊ-भाभी तिकडेच असतात. अम्मींना मात्र जाता आले नाही. गुडघे साथ देत नाहीत, आणि एवढा प्रवास डॉक्टरांनी नको म्हटलेला. पहिल्या नातवाचा निकाह, आणि दादी इथे कोकणात घरी. भाईंनी समारंभाची फिल्म पाठवली तेव्हा अम्मींनी ती मोबाईलवर पाहायचा प्रयत्न केला. त्यांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे बाकी आहे. दोनच मिनिटांत मोबाईल परत देत त्या म्हणाल्या, "तुम्ही बघा आणि मला सांगा."

ते आम्हाला लागले. घरात प्रोजेक्टर आणायचा, माजघराच्या भिंतीवर मोठे चित्र पाडायचे आणि सर्वांनी एकत्र बसून निकाह पाहायचा, असे ठरवले. ठरवले ते बरोबर होते. चुकले ते पुढे.

पहिली फजिती

जाहिरात पाहून आम्ही घरबसल्या एक प्रोजेक्टर मागवला. खोक्यावर मोठमोठे आकडे होते, 150 इंचांच्या चित्राचे वचन होते. असरनंतर शेजारपाजारचे जमले, चहा झाला, आणि आम्ही प्रोजेक्टर मागच्या भिंतीजवळ स्टुलावर ठेवून सुरू केला. चित्र एवढे पसरले की अर्धा मंडप कपाटावर आणि दारावर गेला. रंग धुतल्यासारखे दिसत होते. नवऱ्याची काळी शेरवानी भिंतीसारखीच राखाडी झाली होती. पुढून पोरे गेली की त्यांच्या सावल्या पाहुण्यांवर पडत. अम्मींनी बराच वेळ पाहिले आणि हळूच विचारले, "अरे, यातला नवरा कोणता?"

सात हजार रुपये गेले होते. दुसऱ्यांदा पैसे घालायचे की नाही, यावर घरात दोन मते पडली. शेवटी एवढे ठरले की या वेळी आधी समजून घ्यायचे आणि मगच घ्यायचे. जे समजले ते इथे सांगतो, म्हणजे दुसऱ्या घराचे पैसे वाचतील.

अंतराचा हिशेब

प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात 'थ्रो रेशो' नावाचा आकडा असतो. प्रोजेक्टर भिंतीपासून किती लांब आहे, त्याला चित्राच्या रुंदीने भागले की हा आकडा येतो. घरगुती प्रोजेक्टरमध्ये तो बहुधा सव्वा ते दीडच्या आसपास असतो. म्हणजे पाच फूट रुंद चित्र हवे असेल तर प्रोजेक्टर सुमारे सव्वासहा ते साडेसात फुटांवर ठेवावा लागतो. 'शॉर्ट थ्रो' प्रोजेक्टरचा आकडा एकपेक्षा कमी असतो, त्यामुळे तो लहान खोलीत चालतो, पण महाग पडतो.

इंचांचा आकडा चित्राच्या तिरक्या मापाचा असतो, हेही ध्यानात ठेवावे. 80 इंची चित्र सुमारे पाच फूट दहा इंच रुंद आणि सव्वातीन फूट उंच असते. 100 इंची चित्र सव्वासात फूट रुंद आणि चार फुटांहून थोडे अधिक उंच. आमचे माजघर 14 फूट लांब. पहिला प्रोजेक्टर आम्ही 13 फुटांवर ठेवला, म्हणून चित्र नऊ फुटांहून रुंद झाले. दोष निम्मा प्रोजेक्टरचा होता, निम्मा आमचा.

मोठे चित्र आणखी एका कारणाने महाग पडते. रुंदी दुप्पट केली की तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो, आणि चित्र तेवढे मंद होते.

उजेड कुठून येतो?

प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. जिथे काळे दाखवायचे तिथे तो प्रकाश टाकायचा थांबतो, एवढेच. खोलीतला बाकीचा उजेड त्या जागी पडला की काळे राखाडी होते. शेरवानीचे तेच झाले होते.

आमचे घर कौलारू. खिडक्यांना आम्ही पडदे लावले, पण छपरातली काचेची दोन कौले विसरलो होतो. आता फिल्म पाहायची तेव्हा त्यांच्याखाली जाड काळे कापड ताणतो. चित्राची भिंत निवडतानाही खिडकीसमोरची टाळली. किब्ल्याकडची भिंतही मोकळी ठेवली, कारण अम्मींची जानमाज तिथे असते. उरलेल्या भिंतीवर गिलाव्याचे उंचवटे घासून, न चमकणारा पांढरा रंग दिला. चकचकीत ऑइलपेंट चालत नाही, दिव्याचा डाग चमकतो.

खोक्यावरचे आकडे

प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात. पण नुसते 'ल्युमेन' लिहिलेले असेल तर त्यावर भिस्त ठेवू नये. 'आन्सी ल्युमेन' किंवा 'आयएसओ ल्युमेन' किती, ते विचारावे. हे ठरलेल्या पद्धतीने मोजलेले आकडे असतात. दुसरा प्रश्न रिझोल्युशनचा. 'फुल एचडी सपोर्ट' म्हणजे तो प्रोजेक्टर तशी फिल्म स्वीकारतो, एवढेच. त्याचे स्वतःचे, म्हणजे 'नेटिव्ह' रिझोल्युशन 1920 बाय 1080 आहे का, ते पाहावे.

दिवा जुन्या पद्धतीचा असेल तर काही हजार तासांनी बदलावा लागतो. एलईडी किंवा लेझरचे आयुष्य बहुधा 20 हजार तासांच्या घरात सांगतात, पण तो खराब झाला तर सहसा घरी बदलता येत नाही. म्हणून दुरुस्तीची सोय कुठे आहे, ते आधीच विचारावे.

या वेळी आम्ही खोलीची मापे कागदावर आणि निकाहाची फिल्म पेनड्राइव्हवर घेऊन शहरातल्या दुकानात गेलो. आमच्याच अंतरावरून आमचीच फिल्म लावायला सांगितली, एकदा दिवे लावून आणि एकदा बंद करून. चित्राच्या कोपऱ्यांतली अक्षरे वाचता येतात का, ते पाहिले. पंख्याचा आवाज ऐकला.

कुठे ठेवायचा?

प्रोजेक्टर चित्राच्या बरोबर मध्यरेषेवर, सरळ असावा. तिरका ठेवला की चित्र एका बाजूला फुगते. मग 'कीस्टोन'ने ते सरळ करता येते, पण त्यात चित्राची थोडी स्पष्टता जाते. 'लेन्स शिफ्ट' असलेल्या प्रोजेक्टरमध्ये ती जात नाही. आमच्याकडे ती सोय नाही, म्हणून जागाच नीट निवडली. सुताराकडून तुळईला फळी टांगून घेतली, भिंतीपासून आठ फुटांवर. तिथून 80 इंची चित्र पडते. माणसे खालून गेली तरी सावली येत नाही आणि पोरांचे डोळे भिंगासमोर येत नाहीत. सुरू असलेल्या भिंगात डोकावायचे नाही, हे त्यांना बजावून ठेवले आहे.

गरम हवा बाहेर पडायला चारही बाजूंनी जागा सोडावी. बंद कपाटात प्रोजेक्टर कधीच चालवू नये. आमच्याकडे कौलांतून धूळ पडते, म्हणून वापर नसताना कापडाने झाकतो, पण तो गार झाल्यावरच. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरू नये म्हणून खाली उतरवून कोरड्या डब्यात ठेवतो. वीज जाते-येते म्हणून छोटा यूपीएस जोडला आहे.

80 इंची चित्रासाठी आठ ते दहा फुटांवर बसणे बरे. आमच्याकडे बहुतेक मंडळी सतरंजीवर बसतात, म्हणून चित्राची खालची कड जमिनीपासून अडीच फुटांवर ठेवली. अम्मींची खुर्ची भिंतीपासून सात फुटांवर, थोडी कडेला, म्हणजे मागच्यांना अडचण नाही. आतल्या स्पीकरचा आवाज डोक्यावरून येत होता आणि अम्मींना शब्द कळत नव्हते. एक साधा स्पीकर चित्राखाली ठेवला तेव्हा खुतबा स्पष्ट ऐकू आला.

पहिला प्रोजेक्टरही फेकला नाही. चार फुटांवरून तो 40 इंची चित्र बऱ्यापैकी देतो. माळ्यावर अंधारात पोरे तो वापरतात.

नव्यावर फिल्म पाहायला आम्ही ईशानंतर बसलो, कौलांखाली कापड ताणून. काळ्या शेरवानीतला मुलगा मंडपात शिरला आणि आम्ही काही सांगायच्या आत अम्मी पुढे वाकल्या. "हा बघा आला. चालतो कसा, अगदी त्याच्या दादासारखा!" अब्बांना जाऊन 11 वर्षे झाली. एवढ्या वर्षांत ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आली नव्हती. अम्मींनी तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला. त्या रात्री आम्ही तो तीनदा लावला.