ससून घराण्याची विद्यावती माउली

पुण्याच्या लाल देवळावरून आपण अनेकदा गेला असाल. नावाने देऊळ, पण आत मूर्ती नाही. ते यहुदी बांधवांचे प्रार्थनामंदिर. बगदादहून मुंबईस आलेल्या डेव्हिड ससून यांनी ते बांधावयास घेतले. ससून रुग्णालयामुळे हे नाव आपल्या घरोघरी पोहोचले आहे. परंतु या घराण्याचा धर्म आणि विद्या जिने प्राणापलीकडे जपली, त्या माउलीचे नाव फारसे कोणी घेत नाही. वाचकहो, तिचेच आज स्मरण करू या.

फ्लोराबाईंचा जन्म 1859 साली मुंबईत झाला. डेव्हिड ससून हे त्यांच्या आईचे आजोबा. पुढे 1876 मध्ये त्यांच्याच पुत्राशी, सॉलोमन यांच्याशी, फ्लोराबाईंचा विवाह झाला. म्हणजे घरचीच लेक घरची सून झाली! बालपणीच त्यांना हिब्रू आणि अरामी भाषांचे व धर्मग्रंथांचे शिक्षण मिळाले होते. आपल्याकडे गार्गी-मैत्रेयींचे नाव आदराने घेतात. त्याच मालिकेत शोभावी अशी ही बुद्धी.

1894 साली सॉलोमन निवर्तले. पदरी तीन मुले, वय अवघे पस्तीस. त्या काळी विधवेच्या वाट्यास घराचा अंधारा कोपरा येई. फ्लोराबाई मात्र पतीच्या पेढीचा कारभार स्वतः पाहू लागल्या. या घराण्याच्या वैभवात चीनशी चालणाऱ्या अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता, हे येथे झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु त्याच मुंबईत डॉ. हाफकिन यांच्या रोगप्रतिबंधक लसीची लोकांना धास्ती वाटत होती, तेव्हा याच बाईंनी स्वतः टोचून घेऊन इतरांना धीर दिला, हेही तितकेच खरे.

शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी गृहिणीने दीप उजळावेत आणि शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत सर्व व्यवहार बंद ठेवावेत, असा यहुदी धर्माचा दंडक आहे. एवढ्या मोठ्या उलाढालीची पेढी सांभाळणारी ही स्त्री त्या व्रतास कधी अंतरली नाही. 1901 मध्ये मुंबई सोडून त्या लंडनला गेल्या, तरी आचार सुटला नाही. सामुदायिक प्रार्थनेस किमान दहा पुरुष लागतात, म्हणून प्रवासातही त्या तितकी माणसे बरोबर नेत. आपल्याकडील सोवळेओवळे पाळणाऱ्या आजीबाईंना यातील निष्ठा सांगावी लागणार नाही.

विद्वान धर्मगुरू त्यांच्याशी शास्त्रार्थाविषयी पत्रव्यवहार करीत. 1924 साली लंडनच्या ज्यूज कॉलेजात, जेथे धर्मगुरू घडविले जात, तेथील समारंभात त्यांनी भाषण केले. पुरुषांच्या त्या विद्यापीठात एका स्त्रीची वाणी ऐकली गेली, ती केवळ ज्ञानाच्या अधिकाराने.

त्यांचे पुत्र डेव्हिड यांना पोथ्यांचा ध्यास लागला. देशोदेशींची हिब्रू हस्तलिखिते त्यांनी जमविली आणि 1932 मध्ये त्यांची विस्तृत सूची प्रसिद्ध केली. 1929 साली त्यांनी मिळविलेली हिब्रू बायबलाची एक प्राचीन पोथी सुमारे अकराशे वर्षांची आहे. 2023 मध्ये तिचा लिलाव होऊन 3 कोटी 81 लाख डॉलर किंमत आली. आज ती तेल अवीवच्या संग्रहालयात आहे. जग त्या किमतीने दिपले. पण ज्या मातेने घरात ग्रंथाला मान दिला, तिच्याच मांडीवर हा पुत्र वाढला होता, हे विसरून कसे चालेल?

1936 साली फ्लोराबाईंनी देह ठेवला. ससूनांची पेढी आज राहिली नाही. पोथी मात्र राहिली. आपल्या देवघरातील जुनी पोथीही अशीच कोण्या आजीने रोज हळद-कुंकू वाहून, अक्षर अक्षर लावून आपल्यापर्यंत पोहोचविलेली असते. सणाच्या दिवशी तिच्यावरील धूळ झटकताना, नातवंडांना शेजारी बसवून निदान एक पान वाचावे. घराण्याचे खरे संचित तेच.