ऊन, खाणीची धूळ आणि रक्तातली साखर

दृष्टी मंदावण्याचे खापर अलीकडे मोबाइलवर फोडले जाते आणि ते सर्वस्वी निराधार नाही; एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा होणारी पापण्यांची उघडझाप पडद्याकडे टक लावल्यावर बरीच घटते, अश्रूंचा पातळ थर वाळतो आणि डोळे चुरचुरू लागतात. मात्र हा त्रास बहुधा विश्रांतीने शमतो. मुलांचे खरे नुकसान मोबाइलच्या नादाने घराबाहेर पडणे थांबते तेव्हा होते, कारण मोकळ्यावरचा प्रकाश खोलीतल्या दिव्यापेक्षा कित्येक पटींनी प्रखर असतो आणि त्याच्या अभावी वाढत्या वयात नेत्रगोल वाजवीपेक्षा लांब होऊन दूरचे धूसर दिसू लागते. यालाच लघुदृष्टी म्हणतात.

मुलांना उपकारक ठरणारे हेच ऊन मोठेपणी मात्र बाधते. गोव्याच्या पेडणे तालुक्यात मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचे मोठे जाळे, ओढणाऱ्यांच्या डोळ्यांना वरून ऊन, खालून वाळू-पाण्याची तिरीप आणि समोरून खारा वारा असा तिहेरी मारा सोसावा लागतो. अशा माणसांत नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळावर मांसल पापुद्रा सरकण्याचा, म्हणजे ‘वेल’ वाढण्याचा, संभव अधिक असतो. मोतीबिंदूलाही अतिनील किरणांचा हातभार लागतो. रुंद काठाची टोपी येथे उपयोगी पडते. जत्रेत मिळणारा काळा चष्मा अतिनील किरण अडवणारा नसेल, तर त्याचा भरवसा धरू नये.

गोव्यातल्याच डिचोली तालुक्याची तऱ्हा वेगळी आहे. शिरगाव, मये, पिळगाव या पट्ट्यातील लोहखनिजाच्या खाणी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर थांबल्या आणि पुढे लिलावानंतर उत्खनन पुन्हा सुरू झाले. या खाणींच्या तांबड्या धुळीचा कण डोळ्यांत गेल्यावर चोळण्याची सवय घातक असते, कारण त्याने बुबुळावरील पारदर्शक पटल खरचटते. त्याऐवजी स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. त्याहून घातक सवय म्हणजे औषधाच्या दुकानातून स्वतःच थेंब आणून घालणे, कारण त्यांत स्टेरॉइड असल्यास दीर्घ वापराने काचबिंदू, म्हणजे डोळ्यातील दाब वाढून दृष्टीच्या मज्जातंतूला होणारी कायमची इजा, उद्भवू शकते.

परंतु गोमंतकीयांनी सर्वाधिक धास्ती घ्यावी ती साखरेची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत गोव्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक, आढळले. वाढलेली साखर दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतील प्रकाशग्राही पडद्याच्या, सूक्ष्म रक्तवाहिन्या दुबळ्या करते. त्या पाझरतात, बुजतात आणि त्यांच्या जागी ठिसूळ नव्या वाहिन्या फुटतात. हे सारे वेदनेविना घडते आणि बराच काळ नजरही शाबूत राहते, म्हणून ‘दिसते आहे ना’ हा निकष येथे फसवा ठरतो. मधुमेह असलेल्याने वर्षातून एकदा बाहुली विस्फारणारे थेंब घालून दृष्टिपटल तपासून घ्यावे. चष्म्याच्या दुकानातील नंबर तपासणी तिची जागा घेऊ शकत नाही. थेंबांनी काही तास अंधुक दिसते, तेव्हा त्या दिवशी दुचाकी घरी ठेवून सोबत कोणाला तरी न्यावे.