तळ्यांतील मासे पहांटेच कां मरतात ?

सन २०१६ मध्यें 'मागेल त्याला शेततळें' ही सरकारी योजना सुरू झाल्यापासून महाराष्ट्रांत शेततळ्यांची संख्या पुष्कळच वाढली आहे. पाणी सांठलें म्हणजे त्यांत रोहू-कटल्याच्या बोटुकल्या सोडाव्या असें शेतकरी बंधूंस वाटणें स्वाभाविक आहे. परंतु गाईबैलांच्या अंगाची जी ओळख आपणांस लहानपणापासून असते, ती माशाच्या अंगाची नसते. बैल धापा टाकूं लागला तर त्याचा अर्थ घरांतील पोरासही कळतो. मासा धापा टाकूं लागला तर तो खेळत आहे अशी आपली समजूत होते. या अज्ञानानें केवढा अनर्थ ओढवूं शकतो, तें आमच्याच एका अनुभवावरून सांगतों.

श्रावणांत चार दिवस सूर्यदर्शन नव्हतें व वाराही पडलेला होता. पांचव्या दिवशीं उजाडतांच तळ्यावर जाऊन पाहतों तों मोठमोठे कटले पोट वर करून तरंगत आहेत ! शेजाऱ्याशीं बांधावरून आमची बोलाचाली नुकतीच झाली होती. त्यानेंच पाण्यांत औषध कालविलें असा आमचा ग्रह झाला व आम्हीं फिर्यादीचा अर्ज लिहावयास घेतला. सारी हयात कचेरींत लोकांचे अर्ज दाखल करून घेण्यांत गेलेली. मायना सुचण्यास वेळ लागला नाहीं. इतक्यांत मासेमारीवर केस पांढरे केलेले गांवांतील एक वृद्ध गृहस्थ तेथें आले. त्यांनीं तीनच प्रश्न केले : मासे कोणत्या वेळीं मेले ? मोठे मेले कीं लहान ? आणि मरळ जिवंत आहे काय ?

या प्रश्नांचा अर्थ कळण्यास माशाच्या शरीराची रचना ध्यानीं घेतली पाहिजे.

मासा एकसारखें तोंड उघडतो व मिटतो, तो पाणी पीत असतो असा सार्वत्रिक समज आहे. गोड्या पाण्यांतील मासा पाणी जवळजवळ पीतच नाहीं. त्याच्या रक्तांत बाहेरच्या पाण्यापेक्षां क्षार अधिक असल्यामुळें पाणी कल्ल्यांच्या नाजूक त्वचेंतून आपोआप आंत शिरतें, व तें मूत्रावाटे बाहेर टाकीत राहणें हेंच त्याला मोठें काम असतें. समुद्रांतील सुरमई, पापलेट वगैरेंची स्थिति उलट. त्यांच्या अंगांतील पाणी बाहेर ओढलें जातें म्हणून त्यांना खारें पाणी प्यावेंच लागतें.

मग तोंडाची ही हालचाल कशासाठीं ? तर श्वासासाठीं. तोंडानें घेतलेलें पाणी कल्ल्यांवरून वाहून झांकणाखालून बाहेर पडतें. रोहू-कटल्याच्या डोक्याच्या प्रत्येक बाजूस कल्ल्यांच्या चार कमानी असून प्रत्येक कमानीवर फणीच्या दात्यांसारख्या तांबड्या तंतूंच्या दोन ओळी असतात. तंतूंवर अति सूक्ष्म पापुद्रे असून त्यांतून रक्त खेळतें. पाणी ज्या दिशेनें वाहतें त्याच्या उलट दिशेनें रक्त वाहतें. त्यामुळें पाण्यांतील प्राणवायूचा मोठा हिस्सा रक्तांत ओढून घेतां येतो.

एवढी सोय असण्याचें कारण असें कीं, पाण्यांत प्राणवायु फारच थोडा असतो. एक लिटर हवेंत तो सुमारें २७० मिलिग्रॅम असतो. उलट २५ ते ३० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत तो अवघा ८ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळूं शकतो. हवेंत प्राणवायु विपुल असूनही पाण्याबाहेर काढलेला मासा मरतो, याचें कारण हें कीं पाण्याचा आधार सुटतांच कल्ल्यांचे पापुद्रे ओल्या केसांप्रमाणें एकमेकांस चिकटतात. मरळ याला अपवाद आहे. त्याच्या डोक्यांत कल्ल्यांच्या वर हवा घेण्याचे निराळे कप्पे असतात. तो पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो.

आतां पहांटेचें कोडें उलगडतें. तळ्यांतील हिरवें सूक्ष्म शेवाळ दिवसा उन्हाच्या योगानें प्राणवायु सोडतें, परंतु रात्रीं तेंही माशांप्रमाणें प्राणवायु खर्चितें. तळाशीं कुजणारें शेण व उरलेलें खाद्यही त्यांत भागीदार होतें. म्हणून सूर्योदयापूर्वीं पाण्यांतील प्राणवायु सर्वांत कमी असतो. त्यांत चार दिवस आभाळ राहिलें तर दिवसाची जमाच होत नाहीं, खर्च मात्र चालूच राहतो. मासे हवेलगतच्या पातळ थरांतील पाण्यासाठीं वर येऊन तोंडें उघडतात. लहानांचें त्या थरावर निभावतें, मोठे बहुधा आधीं मरतात. औषधानें मेले असते तर त्यास वेळेचा धरबंध नसता. लहानमोठे सर्वच, व बहुधा मरळ, बेडूक आणि पाण्यांतील किडेही मेले असते.

आमच्या तळ्यांत बोटुकल्या जिवंत होत्या, आणि ओढ्याच्या पाण्याबरोबर आलेले दोन मरळही खुशाल होते. शेजारी निर्दोष होता. आम्हीं अर्ज फाडून टाकला.

बंधूंनो, पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. तळ्याच्या मानानेंच बोटुकल्या सोडाव्या. आभाळाच्या दिवसांत खाद्य व शेणखत बंद ठेवावें. पाणी गडद हिरवें झाल्यास सावध व्हावें. पहांटे तळ्यावर फेरी मारावी. मासे वर तोंडें काढून असतील तर पंपानें पाणी उंचावरून फवाऱ्यासारखें तळ्यांत पाडावें, म्हणजे त्यांत हवा मिसळेल. औषधाचा संशय खरोखरच आला, तर पाण्याचा नमुना तत्काळ स्वच्छ बाटलींत घेऊन तपासणीस द्यावा. नांव घेण्याची घाई करूं नये.

पुढच्याच वर्षीं अशाच एका पहांटे आमचा पंप नादुरुस्त निघाला. त्या दिवशीं मासे वांचले ते शेजाऱ्याच्या पंपानें.